नागपूरच्या जमिनीचं तापमान १८ अंश? तळमजल्याच्या फरशीबद्दल मदत हवी

ऊनसावली (सोमवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी. इमारतींच्या ऊर्जा-सिम्युलेशनचं काम करणारे बरेच जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून माझी अडचण मांडते.

बुटीबोरीजवळ एका कंपनीचं एकमजली ऑफिस होतंय. ५० मीटर बाय २० मीटर, म्हणजे बरोब्बर हजार चौरस मीटर. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एसी चालू, सेटपॉइंट २४. मॉडेल एनर्जीप्लस या ऊर्जा-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये केलंय. मेमधल्या डिझाइन दिवसाला (एसीचा आकार ठरवायला धरलेला कडक उन्हाचा दिवस) कूलिंग लोड आला ४१ टन, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. एसीचे कन्सल्टंट काका म्हणाले, "ताई, मी तीस वर्षं २२० स्क्वेअर फुटाला एक टन धरतोय. माझे ४९ होतात. तुमचा कॉम्प्युटर कुठेतरी आठ टन खातोय."

राग आला. पण रात्री बसून हिशोब फोडला. भिंती, छत, काच, माणसं, दिवे, सगळं जागच्या जागी. मग फरशी बघितली. भर मे महिन्यात दुपारी तीन वाजता फरशी खोलीतली २२-२३ किलोवॅट उष्णता ओढून जमिनीत सोडतेय! नागपुरात!

शोधल्यावर कळलं की जमिनीचं तापमान मी भरलंच नव्हतं, आणि न भरल्यास प्रोग्रॅम बारा महिने १८ अंश धरतो. मग हवामानाच्या ईपीडब्ल्यू फाइलच्या सुरुवातीला अर्धा, दोन आणि चार मीटर खोलीचे महिन्यावार आकडे असतात, त्यातले टाकून पाहिले. तर इशारा आला: काही आकडे १५ ते २५ च्या बाहेर आहेत, योग्य नसण्याची शक्यता आहे. घाबरून पुन्हा १८ केले आणि लॅपटॉप मिटला.

खरं काय भरायचं असतं?

खवचटराव (सोमवार, रात्री ११:२०)

नागपुरात १८ अंशांची जमीन कुठे मिळत असेल तर आधी सातबारा पाठवा. मेमध्ये सहकुटुंब राहायला येतो.

जोत्यावरचा (मंगळवार, सकाळी ७:४०)

ऊनसावली, काका बरोबर आहेत आणि तुमचा संशयही बरोबर आहे. गणित कागदावर मांडू, म्हणजे सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायची गरजच नाही.

तुम्ही फरशीचे थर काय दिलेत? बहुतेक १५० मिमी काँक्रीट आणि वर टाइल. काँक्रीटचा उष्णतारोध साधारण ०.०९, टाइल आणि मसाल्याचा ०.०१५, आतल्या हवेच्या पापुद्र्याचा ०.१६ धरा. बेरीज ०.२६ च्या आसपास, म्हणजे यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून जाणारे वॅट) जवळपास ३.८. आत २४, काँक्रीटच्या खालच्या अंगाला १८, फरक ६. सहा गुणिले ३.८ म्हणजे चौरस मीटरला २३ वॅट. हजार चौरस मीटरला २३ किलोवॅट. ३.५ ने भागा: साडेसहा टन.

हेच ते काकांचे हरवलेले टन. राहिलेला दीडेक टन त्यांच्या अनुभवाचा, तो त्यांना ठेवू द्या.

मेख अशी की एनर्जीप्लस ते १८ अंश जमिनीच्या पोटात कुठेतरी धरत नाही, स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागावर धरतो. मध्ये माती नाहीच. तुमचं ऑफिस बारा महिने १८ अंशांच्या थंड पाटावर बसलंय आणि कितीही उष्णता ओतली तरी तो पाट तापत नाही. त्याचं विजेचं बिलही येत नाही.

ऊनसावली (मंगळवार, सकाळी ९:०५)

बाप रे. मग फाइलमधलं चार मीटरचं तापमान टाकते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू ना?

जोत्यावरचा (मंगळवार, सकाळी ९:३१)

नको नको, थांबा. तेही चूकच, फक्त उलट्या बाजूची.

ते आकडे मोकळ्या रानाच्या जमिनीचे आहेत, जिच्यावर कधी इमारत उभीच राहिली नाही. आणि ते कोणी खड्डा खणून मोजलेलेही नाहीत, हवेच्या तापमानावरून सूत्राने काढलेत. तुमच्या स्लॅबखालची माती मात्र वर्षानुवर्षं तुमच्या एसीच्या सहवासात असते. ५० बाय २० च्या इमारतीत मधल्या मातीला बाहेरचं ऊन-पाऊस जवळपास कळत नाही. तिचं तापमान ठरतं वरच्या खोलीवरून. बाहेरच्या ऋतूंशी संबंध येतो तो कडेच्या एक-दोन मीटरच्या पट्ट्यातच. एनर्जीप्लसच्या मदतपुस्तिकेतही स्पष्ट लिहिलंय की हे आकडे वातानुकूलित इमारतीखाली थेट वापरू नका. तुम्हाला दिसलेला इशारा त्यासाठीच आहे, पण त्याच्या मर्यादा अमेरिकेच्या चष्म्यातून ठरल्यात. आपल्याकडे बरोबर आकडासुद्धा २५ च्या वर जाऊ शकतो.

शून्यशेष (मंगळवार, सकाळी १०:१५)

अवांतर, पण राहवत नाही. ते अर्धा, दोन आणि चार मीटरचे आकडे काढायला मातीची उष्णता-विसरणता (उष्णता मातीत किती वेगाने पसरते ते) किती धरली हे पुस्तिकेत दिलंय: ०.००२३२२५७६, एकक वर्गमीटर प्रतिदिन. आता हा आकडा ०.०९२९०३०४ ने भागून बघा. नेमके ०.०२५ येतात. म्हणजे मुळात ते ०.०२५ वर्गफूट प्रतितास होतं. फुटांचे मीटर केले आणि तासाचा दिवस झाला.

खरोखर प्रतिदिन असतं तर वार्षिक चढउतार अर्ध्या मीटरभर खोलीतच एक-तृतीयांशाच्या जवळ आला असता आणि चार मीटरचे बाराही आकडे एकसारखे दिसले असते. ते तसे नसतात, तेव्हा गणित तासानेच केलंय, चुकलाय तो छापील शब्द. कोणी हा आकडा पुस्तिकेतून उचलून दुसरीकडे वापरत असेल तर २४ ने गुणायला विसरू नका.

खवचटराव (मंगळवार, सकाळी १०:१८)

शून्यशेष, तुम्ही लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मुहूर्ताची एककं तपासत असाल.

प्रमाणपत्रवाला (मंगळवार, दुपारी १२:५०)

एवढी चर्चा कशाला? खोलीच्या सरासरी तापमानातून २ वजा करा. २४ असेल तर २२. पुस्तिकेतलाच नियम आहे. ग्रीन बिल्डिंगच्या सगळ्या फाइली मी असेच करतो, एकदाही शेरा आलेला नाही.

शिवाय बेसलाइन (तुलनेसाठी धरलेली नियमातली इमारत) आणि प्रस्तावित दोन्ही मॉडेलांत फरशी तीच. चूक असली तरी टक्केवारीत कटते.

जोत्यावरचा (मंगळवार, दुपारी १:३५)

साहेब, दोन्ही मुद्दे घेतो, कारण हा नियम सगळीकडे डोळे मिटून लावला जातो.

पहिला. "दोन अंश कमी" हा नियम मोठ्या व्यापारी इमारतींसाठी आणि अमेरिकेतल्या हवामानासाठी आहे. तिथल्या बऱ्याच भागांत वर्षाची सरासरी ८, १०, १२ अंश आणि आत २१. उष्णता आतून जमिनीत जाते, तेव्हा स्लॅबखालची माती खोलीपेक्षा थोडी थंड असणारच. नागपूरची वार्षिक सरासरी २७ च्या आसपास. आत २४. माती खोलीपेक्षा थंड राहील कशाच्या जोरावर? इथे नियमाचं चिन्ह उलटतं. २२ धरलेत तर चौरस मीटरला साडेसात वॅट, या इमारतीत दोन टनांहून जास्त थंडावा तुम्ही फुकट वाटताय.

दुसरा. टक्केवारीत कटतं म्हणता? बेसलाइनला कूलिंग १०० युनिट, प्रस्तावितला ८०. बचत २० टक्के. आता फरशीने दोन्हीकडचे १५-१५ फुकटात काढून घेतले: ८५ आणि ६५. बचत साडेतेवीस टक्के. वजाबाकी तीच राहिली, भाजक घटला. शेरा आला नाही कारण तपासणारेही हाच नियम लावतात.

आता खरा आकडा साधारण कुठे असावा ते आयएसओ १३३७० (जमिनीतून जाणाऱ्या उष्णतेचं मानक) च्या हाताच्या हिशोबाने बघू. क्षेत्रफळ १०००, परिघ १४०. क्षेत्रफळ भागिले अर्धा परिघ, १४.३ मीटर. चिकणमातीची वाहकता १.५. सगळं सूत्रात घातलं की मातीसकट फरशीचा यू-व्हॅल्यू येतो ०.२७-०.२८. मघाचा ३.८ आठवा, हा त्याच्या चौदाव्या हिश्शाइतका आहे, आणि हा फरक निव्वळ मातीचा. आता बाहेरची वार्षिक सरासरी २७, आत २४, फरक ३. चौरस मीटरला ०.८ वॅट, आणि तेही आत येणारे. सगळ्या इमारतीला पाऊण किलोवॅटच्या वर थोडं. शिवाय रात्री एसी बंद, म्हणजे आतली २४ तासांची सरासरी २४ पेक्षा वरच असणार. तेव्हा तेवढंही नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये २३ किलोवॅट बाहेर जातात, प्रत्यक्षात जेमतेम शून्य ते एक आत. फरशीखाली सरळ उष्णतारोधक सीमा धरली असती, म्हणजे "खालून काही येत नाही, खाली काही जात नाही", तरी १८ पेक्षा कितीतरी जवळ पोचला असतात.

प्रमाणपत्रवाला (मंगळवार, दुपारी २:१०)

भाजकाचा मुद्दा मान्य. चिन्हाचा तपासून बघतो. जुन्या फाइली उघडायची हिंमत मात्र नाही.

मिनेसोटाकर (मंगळवार, संध्याकाळी ६:२५)

इकडची बाजू सांगतो. मिनियापोलिसला पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच, उत्तरेत ६०. जवळपास प्रत्येक घराला तळघर असतं आणि जानेवारीत त्याच्या भिंतीला हात लावला की जमीन उष्णता कशी पिते ते कळतं. इथे फरशीच्या कडेला इन्सुलेशन घालावंच लागतं, नाहीतर भिंतीलगत पाय गारठतात. "दोन अंश कमी" हा नियम इकडे चुकला तरी चिन्ह चुकत नाही.

ज्यांना मुळात रस आहे त्यांच्यासाठी: एनर्जीप्लससोबत येणारा स्लॅब नावाचा पूर्वप्रोग्रॅम विल्यम बानफ्लेथ यांच्या १९८९ च्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रबंधातून आला. त्यात त्यांनी दाखवलं की इमारतीचा आकार, म्हणजे क्षेत्रफळ आणि परिघ यांचं गुणोत्तर, आणि आजूबाजूच्या जमिनीवरची सावली, गवत, बाष्पीभवन यांचा फरक खूप पडतो. मोकळ्या जमिनीचं तापमान हवेवरून काढायचं सूत्र त्याहून जुनं, कुसुदा आणि आखेनबाख यांचं, १९६५ चं. तेही अमेरिकेतल्या ठिकाणांच्या नोंदींवर बेतलेलं.

पाटलाचा_नातू (मंगळवार, रात्री ८:५०)

मी सिम्युलेशनवाला नाही. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, एका मित्राने हा धागा पाठवला.

तुम्ही ज्याला मोकळ्या जमिनीचं खोल तापमान म्हणता ते आमच्याकडे विहिरीत मिळतं. डिसेंबरात पहाटे मोटर सुरू केली की पाण्यातून वाफ निघते, हातपाय त्यातच धुवावेसे वाटतात. तेच पाणी मेमध्ये गार लागतं. पाणी तेच, बदलतो आपण. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी चाळीस फूट खोल विहिरीच्या तळातून बाटली काढून थर्मामीटर लावला होता: डिसेंबरात साडेसव्वीस, मेमध्ये सत्तावीसच्या जरा वर.

आमच्या जुन्या वाड्यात सारवलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात दुपारी झोपलं की पाठ गार व्हायची. मग तुम्ही म्हणता की नागपुरात जमीन थंडावा देत नाही, ते कसं?

जोत्यावरचा (मंगळवार, रात्री ९:४०)

दंडवत घ्या. फाइलमधल्या सूत्रापेक्षा तुमची बाटली खरी.

वाड्याचं असं: मेमध्ये दुपारी ओसरीत हवा ३८-४०, जमीन २९-३०. पाठीला दहा अंशांचा फरक लागतो, ती गार वाटणारच. एसी नसलेल्या घरात जमीन खरोखर थंडावा देते. ऊनसावलींच्या ऑफिसात हवा २४ वर बांधून ठेवलीय. तीच पोटात २७ अंशांची जमीन एकाला माठ आणि दुसऱ्याला शेगडी. शेगडी अगदी मंद, पण माठ खचितच नाही.

आणखी एक गोष्ट. दिवसरात्रीचा चढउतार काँक्रीटमध्ये पंधराएक सेंटीमीटरवर एक-तृतीयांशाच्या जवळ येतो, म्हणजे वीतभर खाली जाईपर्यंत दमलेला असतो. वर्षाचा चढउतार तेवढा दमायला अडीचेक मीटर घेतो आणि दर मीटरमागे तीन-साडेतीन आठवडे उशिरा पोचतो. त्यामुळे वाड्यातल्या जमिनीत मेमध्ये थोडी हिवाळ्याची शिल्लकही असते.

शून्यशेष (मंगळवार, रात्री १०:०५)

नागपूरला कुसुदा बसत नाही याचं एक वेगळं कारण आहे, ते कुणी मांडलं नाही.

ते सूत्र म्हणजे एकच साइन वक्र: वर्षात एक उंचवटा, एक खळगा. अमेरिकेत जुलै तापतो, जानेवारी गारठतो, वक्र मस्त बसतो. आपल्याकडे मेमध्ये महिन्याची सरासरी ३५ च्या घरात, आणि जुलैत पाऊस आला की धाडकन २८ च्या खाली. मग ऑक्टोबरची हीट वेगळी. एका साइनमध्ये मृग नक्षत्र मावत नाही! एनर्जीप्लसमध्ये झिंग नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात दोन वक्रांची बेरीज असते, वर्षाचा आणि सहामाहीचा. पावसाळी प्रदेशाला ती बरी. पण ती लागते ग्राउंडडोमेन (एनर्जीप्लसमधलं जमिनीचं वेगळं मॉडेल) वापरणाऱ्यांना.

मिनेसोटाकर (बुधवार, पहाटे ५:३०)

म्हणूनच किवा वापरा, पाया आणि जमिनीतली उष्णता मोजणारा प्रोग्रॅम. ते मोकळ्या जमिनीचं तयार तापमान मागतच नाही. बाहेरच्या मातीवर फाइलमधलं ऊन, वारा, हवा तासातासाने टाकतं, आतून खोलीचं तापमान घेतं आणि मधल्या मातीतला उष्णतेचा प्रवाह स्वतः सोडवतं. नील क्रुइस यांनी कोलोराडो विद्यापीठातल्या प्रबंधात ते उभं केलं, नंतर एनर्जीप्लसच्या आतच बसवलं. वेगळा पूर्वप्रोग्रॅम चालवा, बारा आकडे काढा, परत टाका, आतलं तापमान बदललं की पुन्हा चालवा, हा सगळा फेरा संपतो.

खवचटराव (बुधवार, सकाळी ८:००)

किवा की किंवा? मराठी माणसाला पर्याय दिलात की तो अडकतो.

मिनेसोटाकर (बुधवार, सकाळी ८:१२)

:) अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या प्वेब्लो लोकांच्या जमिनीखालच्या गोल खोलीला किवा म्हणतात, त्यावरून नाव.

ऊनसावली (बुधवार, रात्री ११:४८)

किवा लावलं, तीन तास गेले, रन होत नाही. फरशीची बाहेरची सीमा "फाउंडेशन" केली, फाउंडेशनचं ऑब्जेक्ट दिलं, काँक्रीट, कडेची भिंत, सगळं दिलं. चूक कुठे आहे ते संदेशातून उमगत नाही. कुणी जागं आहे का?

जोत्यावरचा (बुधवार, रात्री ११:५५)

जागा आहे. उघडा परिघ दिलात का? त्याचं वेगळं ऑब्जेक्ट असतं आणि ते जवळपास सगळेच विसरतात. प्रत्येक फरशीची कुठली बाजू बाहेरच्या मातीला लागते ते सांगावं लागतं. तुमचे पाच झोन असतील ना, चार कडेचे आणि एक मधला? मधल्याचा उघडा परिघ शून्य, कडेच्यांचा ज्याच्या त्याच्या बाहेरच्या भिंतीइतका. बेरीज १४० आलीच पाहिजे.

ऊनसावली (गुरुवार, मध्यरात्रीनंतर १२:२०)

आली. पळतंय. तुमचे उपकार. आता झोपते.

काळीमाती (गुरुवार, सकाळी ९:१५)

सिव्हिलवाला. मातीचा विषय निघाला आणि मातीवाल्याला कुणी विचारलंच नाही, म्हणून न बोलावता आलो.

ऊनसावली, मातीचे गुणधर्म काय भरलेत? किवात काही न भरल्यास वाहकता १.७३, घनता १८४२ आणि विशिष्ट उष्मा ४१९ असं काहीसं धरतात, हे आत्ता माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर बघितलं. ४१९? कोरड्या मातीचासुद्धा ८०० च्या आसपास असतो, ओल्या मातीचा त्याहून बराच वर, कारण पाण्याचा ४२००. विशिष्ट उष्मा निम्मा धरला की माती तापायला-निवायला नको इतकी चपळ होते.

आणि दुसरं. तुमच्या फरशीखाली काळी माती नसणार. बुटीबोरीकडे काळी कापशी माती म्हणजे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून फरशी उचलणार. तिच्यावर सरळ स्लॅब टाकणारा कंत्राटदार मला अजून भेटायचाय. निदान शहाणा तरी. माती खणून काढतात आणि न फुगणाऱ्या मुरमाचा थर पाणी मारून, रोलरने दाबून भरतात. न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराची ही पद्धत आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी सरांनी संशोधन करून रुळवली. त्यावर दगडाचं सोलिंग, मग पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), मग स्लॅब. त्यातून जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर. म्हणजे कडेची भिंत दोन फूट उघड्यावर, उन्हात. ते मॉडेलमध्ये आलंय का?

ऊनसावली (गुरुवार, सकाळी १०:००)

जोतं जमिनीलगतच धरलं होतं. :( ड्रॉइंगमध्ये ६०० मिमी आहे. आणि सोलिंग-मुरूम काहीच धरलं नव्हतं.

जोत्यावरचा (गुरुवार, सकाळी १०:४०)

काळीमाती, तुम्ही रोज येत जा हो.

पाण्याचा मुद्दा मात्र राहतोच. किवाला पाऊस कळत नाही. बाहेरची माती मेमध्ये भेगाळलेली, वाहकता जेमतेम अर्धा; ऑगस्टमध्ये चिंब, दीडच्या आसपास. मॉडेलमध्ये वर्षभर एकच आकडा. मी अशा वेळी दोन रन करतो, एक कोरड्या मातीचा, एक ओल्याचा, आणि दोन्ही उत्तरं समोर ठेवतो. मोठ्या इमारतीत फरक मामुली येतो, कारण मधल्या भागाखाली पाऊस पोचतच नाही. छोट्या बंगल्याला मात्र दोन्ही बघायलाच हवेत, तिथे सगळी फरशी म्हणजे कडच असते.

शून्यशेष (गुरुवार, सकाळी ११:०५)

ज्यांना असल्या हिशोबांवर शंका असेल त्यांच्यासाठी तपासणीचे नमुने आहेत. १२ मीटर बाय १२ मीटरची फरशी, आत ३० अंश, बाहेर १०, आणि उत्तर चक्क कागदावर सोडवता येतं, १९८३ मध्ये डेलसांत आणि सहकाऱ्यांनी सोडवलेलं. वेगवेगळी सॉफ्टवेअरं त्याच्याशी ताडून बघतात. २४ आणि १८ चा खेळ बंद व्हायला ते पुरेसं आहे.

ऊनसावली (शुक्रवार, रात्री १०:३०)

झालं एकदाचं. निकाल टाकते, कुणाला उपयोग होईल.

जोतं ६०० मिमी, खाली सोलिंग आणि मुरूम, विशिष्ट उष्मा १०००, दोन रन. मेमधला डिझाइन लोड ४१ वरून साडेशेहेचाळीस टनांवर गेला. कोरडी-ओली मातीचा फरक अर्ध्या टनाच्या आत. काकांना फोन केला. ते म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो," आणि मग जरा थांबून, "पण माझे अडीच टन तू खाल्लेसच." तेवढे काचेचे आणि दिव्यांचे आहेत, ते मी सोडणार नाही.

गंमत सकाळच्या आलेखात दिसली. १८ अंशांच्या मॉडेलमध्ये फरशी सकाळी ९ ला सुद्धा उष्णता ओढत होती. आता तिचं उलटं: रात्रभर एसी बंद, खोली ३१ वर, वरची काँक्रीटची वीत तापलेली. ९ वाजता एसी सुरू झाला की फरशी ती उष्णता परत खोलीत सोडते, सगळ्यात जास्त पहिल्या दोन तासांत. दुपारी दोन-अडीचनंतर जवळपास शून्य. मेमधल्या सोमवारी सकाळी तर दोन दिवसांची साचलेली. तेव्हा एसी ९ ऐवजी ८ ला सुरू करायची शिफारस केलीय. १८ अंशांचा पाट असता तर हे कळलंच नसतं.

मागे केलेल्या तीन प्रोजेक्टमध्येही मी जमिनीचं तापमान भरलं नव्हतं, हे आत्ता उघडून पाहिलं. त्यातली एक इमारत नाशिकची, तळमजल्यावर पार्किंग, सुटले. दोन राहिल्या.

प्रमाणपत्रवाला (शुक्रवार, रात्री १०:५२)

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि माझ्या दोन नाहीत, बऱ्याच आहेत.

पाटलाचा_नातू (शनिवार, सकाळी ६:४५)

ताई, इमारत अजून बांधायचीय ना? मग स्लॅब टाकायच्या आधी खाली सेन्सर का पुरत नाही? मधोमध एक, कडेपासून मीटरभर आत एक. मी ठिबकसाठी मातीत ओलाव्याचे सेन्सर लावलेत, तापमानाचे तर त्याहून स्वस्त मिळतात. दोन वर्षांनी तुमचं मॉडेल आणि जमीन समोरासमोर.

ऊनसावली (शनिवार, सकाळी ९:२०)

कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरना विचारलं. खर्च आपण करणार असू तर त्यांची हरकत नाही म्हणाले. मुरुमाची भरणी पुढच्या आठवड्यात आहे.

काळीमाती (शनिवार, सकाळी ९:४५)

मग सांगतो ते नीट ऐका. सेन्सर मुरुमात नुसते टाकू नका, दहा टनी रोलर फिरला की चटणी होईल. भरणी आणि दाबणी पूर्ण होऊ द्या, मग सोलिंगच्या आधी पहारीने भोक पाडून इंचाचा जीआय पाइप उतरवा, खालचं तोंड बंद करून. वायर त्यातून वर आणि जोत्याच्या भिंतीतून बाहेर. खोली पाइपवर रंगाने लिहून ठेवा आणि पीसीसी टाकायच्या आधी फोटो काढा, नाहीतर दोन वर्षांनी कुठली वायर मधली आणि कुठली कडेची यावर इथे नवा धागा निघेल. सोमवारी मी त्या बाजूलाच आहे. गेटवर कुणाचं नाव सांगू?